थांबली की थांबवली?

२७ मे २००६, शनिवार. मोनॅकोतल्या फॉर्म्युला वन शर्यतीची पात्रता फेरी आपल्या घड्याळात साडेसहाच्या सुमारास संपली आणि पहिला मजकूर वृत्तसंस्थेकडून दहा-पंधरा मिनिटांत आला. पोल, म्हणजे शर्यत सुरू करण्याची सर्वांत पुढची जागा, मायकेल शूमाकरला, वेळ १ मिनिट १३.८९८ सेकंद. दुसरा फर्नांडो अलोन्सो, १३.९६२. फरक सेकंदाच्या ६४ सहस्रांशांचा. खाली एक ओळ: फेरीच्या शेवटच्या क्षणांत शूमाकरची फेरारी रास्कास वळणावर उभी राहिली, पिवळे झेंडे निघाले आणि मागून आपली शेवटची लॅप (सर्किटची एक फेरी) मारत आलेल्या अलोन्सोला वेग सोडावा लागला.

मी तेव्हा क्रीडा डेस्कवर होतो. भारतीय संघ वेस्ट इंडिज दौऱ्यावर असल्याने पानाचा मोठा भाग क्रिकेटकडे. फॉर्म्युला वनला खाली तीन कॉलम. बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीचं पान साडेआठला सोडायचं होतं. मजकूर सरळ होता, अडलं ते एका क्रियापदावर. गाडी ‘थांबली’ लिहायचं की ‘थांबवली’? एक ‘व’ घातला की अपघात राहत नाही, आरोप होतो.

रास्कास हे मोनॅकोच्या ३.३४ किलोमीटरच्या सर्किटवरचं शेवटून दुसरं वळण. उजवीकडचा अरुंद, अगदी हळू वेगाचा वळसा, बाहेरच्या बाजूला लगेच लोखंडी कठडा. तिथे एक गाडी तिरकी उभी राहिली तर मागच्यांना जायला वाटच उरत नाही. पिवळा झेंडा दिसला की वेग कमी करायचा हा नियम आहे, आणि पात्रता फेरीत वेग कमी केला की लॅप संपली. शिवाय मोनॅकोत शर्यतीत ओव्हरटेक करणं जवळपास अशक्य, म्हणून इथली पोल म्हणजे अर्धी शर्यत. सगळ्यांत वर ज्याची वेळ आहे, त्याला शेवटच्या मिनिटात सर्किट बंद होण्यासारखा दुसरा फायदा नाही.

शूमाकरचं म्हणणं असं: पुढचं चाक लॉक झालं, म्हणजे ब्रेक लागून फिरायचं थांबलं, गाडी वळणाच्या बाहेर सरकली, रिव्हर्स टाकायला गेलो तर इंजिन बंद पडलं. हे अशक्य नव्हे. या गाड्यांत अँटी-स्टॉल असतं. वेग फारच उतरला की ते क्लच सोडवून इंजिन जिवंत ठेवतं, पण गाडी उभीच राहिली तर काही सेकंदांनी इंजिन बंदही करतं. त्यामुळे ‘इंजिन बंद पडलं’ यावरून काहीच सिद्ध होत नाही. ते का बंद पडलं हा प्रश्न नव्हताच. गाडी तिथे उभी का राहिली, हा होता.

याचं उत्तर कुठे सापडतं ते त्या संध्याकाळी पिंपरीतल्या एका मोटार कंपनीच्या चाचणी विभागातल्या ओळखीच्या इंजिनिअरने फोनवर समजावलं. एकाच ड्रायव्हरच्या दोन लॅपचे आलेख एकावर एक ठेवायचे. वेळेनुसार नाही, अंतरानुसार. म्हणजे दोन्ही रेघांवर तोच कठडा, तोच खड्डा एकाच जागी येतो. मग ब्रेकचा दाब, स्टिअरिंगचा कोन, थ्रॉटल आणि चारही चाकांचा वेग बघायचा. खरी चूक असेल तर ती आधी दिसते: ब्रेक नेहमीपेक्षा उशिरा लागतो, एका पुढच्या चाकाचा वेग एकदम शून्याकडे जातो, मग ड्रायव्हर चाक सोडवायला दाब कमी करतो. आणि जिथे एरवी दाब उतरायला लागतो तिथेच तो चढलेला दिसला, तर चाकाचं कारण पुरत नाही. त्याचं शेवटचं वाक्य मी कागदाच्या कडेला लिहून ठेवलं होतं: “पाय खोटं बोलत नाही, तो आलेखात असतो.”

डाक आवृत्तीत आम्ही ‘थांबली’ लिहिलं. कचरलो म्हणून नाही. जुन्या प्रकरणांची चौकट करायला बसलो होतो आणि त्यात हेच दिसत होतं. ॲडलेड, १३ नोव्हेंबर १९९४: ३६व्या लॅपला शूमाकर भिंतीला घासला, पुढच्याच वळणावर विजेतेपदाचा प्रतिस्पर्धी डेमन हिल आत घुसला, दोघे भिडले, दोघेही बाद. शूमाकर ९२, हिल ९१. विजेतेपद एका गुणाने. स्टुअर्डनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, शर्यतीतली घटना म्हणून सोडून दिलं. हेरेझ, २६ ऑक्टोबर १९९७: ४८व्या लॅपला त्या वर्षीचा प्रतिस्पर्धी जॅक व्हिलनव आतून आला आणि शूमाकरने स्टिअरिंग त्याच्याकडे वळवलं. या वेळी फेरारी खडीत रुतली आणि व्हिलनव पुढे गेला. तिथेही त्या दिवशी स्टुअर्डचं उत्तर तेच होतं. मोटार शर्यतींच्या जागतिक परिषदेने ११ नोव्हेंबरला त्याचं त्या मोसमातलं दुसरं स्थान काढून घेतलं. विजय मात्र नोंदीत राहू दिले. म्हणजे पहिल्या दिवशी ‘धडक झाली’, दोन आठवड्यांनी ‘धडक दिली’.

चौकटीत २००२ची ऑस्ट्रियाही घालावी, असं एका सहकाऱ्याचं मत पडलं. मी नको म्हटलं. तिथे फेरारीतला त्याचा सहकारी बॅरिकेलोने शेवटच्या सरळ पट्ट्यावर वेग सोडून शूमाकरला पुढे जाऊ दिलं ते संघाच्या हुकमावरून. त्या पापाचा धनी वेगळा. त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला सचिनला फेरारी सुपूर्द करणारा शूमाकर वाचकांना पाठ होता. हा दुसरा शूमाकर त्यांच्यापुढे मांडायचा तर नेमकं त्याचंच काय ते मांडायला हवं होतं.

शहर आवृत्तीचं पानही साडेबाराला ‘थांबली’नेच गेलं. मोनॅकोत स्टुअर्ड अजून बसलेच होते. निर्णय आला तेव्हा आपल्याकडे दोन वाजून गेले होते: वळणाच्या त्या भागात इतक्या जास्त, अनावश्यक आणि नेहमीपेक्षा वेगळ्या दाबाने ब्रेक मारण्याचं पटण्याजोगं कारण सापडत नाही, म्हणून गाडी हेतुपुरस्सर थांबवली. पात्रता फेरीतल्या त्याच्या सगळ्या वेळा रद्द, सर्वांत शेवटून सुरुवात.

छपाई अर्ध्यावर होती. रात्रपाळीच्या मुख्य उपसंपादकांनी फक्त विचारलं, “किती ओळी बदलायच्यात?” मथळा, पहिला परिच्छेद आणि तो एक ‘व’. नवी प्लेट चढेपर्यंत निम्म्या शहराचा अंक जुन्या क्रियापदासह गाड्यांत भरला गेला होता. सकाळी दोन्ही अंक डेस्कवर होते. एकात शूमाकर पहिला, दुसऱ्यात बाविसावा.

शर्यतीत तो पिट लेनमधून, म्हणजे संघांच्या गॅरेजसमोरच्या गल्लीतून, निघाला आणि ७८ लॅपनंतर पाचवा आला, वर सर्वांत जलद लॅपही त्याचीच. इतक्या मागून इथे पाचवा येणं म्हणजे काय, हे सर्किट माहीत असणाऱ्याला सांगावं लागत नाही; गरज नसताना तो हे उद्योग का करायचा, हे मला आजवर कळलेलं नाही. अलोन्सो जिंकला, मोसमही त्याचाच: १३४ विरुद्ध १२१.

चार वर्षांनी, २०१०च्या मोनॅकोत, पुन्हा तेच दोघे. सेफ्टी कार (अपघातानंतर पुढे राहून सगळ्यांचा वेग रोखून धरणारी गाडी) आत गेल्यावर रास्कासच्या पुढच्याच, शेवटच्या वळणावर शूमाकरने अलोन्सोला मागे टाकलं. नियमभंग ठरवून २० सेकंदांचा दंड झाला आणि तो सहाव्यावरून बाराव्या क्रमांकावर गेला. त्या दिवशीच्या स्टुअर्डांमध्ये एक नाव डेमन हिलचं होतं. क्रियापदावर मात्र कुणाचाच वाद नव्हता. पान साडेआठला वेळेत सुटलं.