ड्रॅब रंगाची नोंद: कांद्याची साल, हिरडा आणि एक ग्रॅम हिराकस

ड्रॅब म्हणजे मातकट, किंचित हिरवट झाक असलेला तपकिरी रंग. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ कापड. न रंगवलेल्या लोकरी कापडाचा जो अंगचा रंग, तो ड्रॅब. इंग्रजीत आज ‘नीरस’ हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, रंगाचं नाव म्हणून शब्द क्वचितच भेटतो. त्याच उच्चाराचं, पण बहुधा वेगळ्या मुळातून आलेलं एक नाम १६व्या शतकापासून गबाळ्या बाईसाठी आणि वेश्येसाठी शिवी म्हणून वापरलं गेलं. म्हणून सुताच्या लडीला इंग्रजी चिठ्ठी लावताना ‘ड्रॅब ब्राऊन’, ‘ड्रॅब ग्रीन’ असं जोडून लिहावं. नुसतं ‘अ ड्रॅब’ किंवा अनेकवचनी ‘ड्रॅब्ज’ लिहिलं, तर जुनं इंग्रजी वाचणाऱ्याला शिवीच दिसते.

या नोंदीत गाठायचा रंग १८०० च्या आसपासच्या इंग्लिश छापील सुती कापडावरचा आहे. रसायनज्ञ एडवर्ड बँक्रॉफ्टने अमेरिकेतल्या काळ्या ओकची साल क्वेरसिट्रॉन या नावाने बाजारात आणली. पार्लमेंटने १७८५ मध्ये त्याला दिलेला मक्ता १७९९ मध्ये संपला आणि पुढची काही वर्षं पिवळा, ऑलिव्ह, ड्रॅब या छटांची छपाई जोरात चालली. क्वेरसिट्रॉनचा रंग क्वेरसेटिन या पिवळ्या रंगद्रव्याच्या कुळातला. कांद्याच्या सुक्या सालीतही क्वेरसेटिनच असतं, त्यामुळे ही साल रसायनाच्या दृष्टीने त्याची जवळची नातलग ठरते. पिवळ्या-तपकिरी सालीच्या कांद्याची साल घ्यावी. लाल कांद्याच्या सालीने छटा बदलते आणि ड्रॅब हाती लागत नाही.

प्रत्येक बॅचला १०० ग्रॅम मांजरपाट. खळ काढायला ४ लिटर पाण्यात २ ग्रॅम धुण्याचा सोडा घालून दीड तास उकळायचं. पाणी चहासारखं होतं. वाळलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाकल्याबरोबर मुरला पाहिजे. तो मोत्यासारखा उभा राहिला तर पुन्हा उकळा, नाहीतर पुढे ठिपके येणारच.

बॅच १ आणि २ हिरड्यावर अडल्या. नेहमीच्या सवयीने १५ ग्रॅम हिरडापूड घेतली होती. हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) लागताच हिरड्यातलं तुरट द्रव्य टॅनिन आणि लोह मिळून करडा-काळा रंग झाला, पिवळा त्याच्याखाली पूर्ण दबला. बॅच ३ पासून हिरडा ६ ग्रॅमवर आणला: रात्रभर भिजवून, गाळून, कोमट पाण्यात कापड तासभर, मग न धुता सावलीत वाळवलं. हिरड्याचं काम इथे फक्त तुरटीला धरून ठेवण्याचं आहे, रंग देण्याचं नाही.

तुरटी १५ ग्रॅम, सोडा २ ग्रॅम. दोन्ही वेगवेगळे विरघळवून सोडा चमच्याचमच्याने ओतायचा, कारण फेस पातेल्याबाहेर येतो. सोडा जास्त झाला की पांढरा साका बसतो. ती वाया गेलेली तुरटीच असते, कापडावर ती भुकटीसारखी राहते आणि रंग चोळल्यावर निघतो.

साल ५० ग्रॅम, पाऊण तास उकळून गाळलेली. त्या पाण्यात ३ ग्रॅम मंजिष्ठापूड पुरचुंडी बांधून सोडली, कापड ८० अंशांवर तासभर. मंजिष्ठेचा हा चिमटा महत्त्वाचा. तो नसेल तर हिराकसीनंतर रंग शेवाळी हिरवा होतो, ड्रॅब नाही.

आता हिराकस. सगळा खेळ इथेच आहे. बॅच ४ चं कापड चार तुकड्यांत फाडून, कापडाच्या वजनाच्या ०.५, १, २ आणि ४ टक्के अशी वेगवेगळी मात्रा दिली. ०.५ ला मधासारखा तपकिरी. १ ला हवा तो ड्रॅब. २ ला गडद ऑलिव्ह. ४ ला काळपट, आणि कापड हाताला कडक. जास्तीचं लोह सुताला हळूहळू खातं. जुन्या छापील कापडांत काळ्या रेघांपुरतंच कापड विरलेलं दिसतं, ते यामुळेच. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा नसेल तर १० ग्रॅम हिराकस १ लिटर पाण्यात विरघळवा आणि त्यातलं १०० मिलिलिटर घ्या, म्हणजे नेमका १ ग्रॅम. हे पाणी त्याच दिवशी वापरावं. हिराकस फिकट हिरवी हवी. पिवळी-तपकिरी पडलेली असेल तर गंजाचे डाग पडतात. कापड आधी भिजवलेलं, पाणी ४० अंश, १० मिनिटं सतत हलवत, पातेलं स्टीलचं आणि याच कामासाठी वेगळं.

बॅच ५ हिराकस न घालताच मळकट झाली. पाणी बोअरवेलचं होतं, त्यातलं लोह पुरेसं ठरलं. गाळलेल्या कांद्याच्या पाण्यात पांढऱ्या सुताचा तुकडा बुडवून आधी पाहिलं तर हे लगेच कळतं.

बॅच ६ छपाईची. चिंचोक्याच्या पेस्टमध्ये एका ठशाला तुरटी, दुसऱ्याला लोखंड-गुळाचं आंबवलेलं पाणी, तिसऱ्याला दोन्ही निम्मं-निम्मं. तीन दिवस टांगून ठेवल्यावर शेणाच्या कोमट पाण्यातून काढलं, म्हणजे न चिकटलेलं लोह मोकळ्या जागी पसरत नाही. इंग्लंडच्या छापखान्यांतही याच कामासाठी गाईचं शेण वापरत. मग एकाच कांद्याच्या पाण्यातून पिवळा, काळपट ऑलिव्ह आणि ड्रॅब असे तिन्ही रंग एकदम उमटले. तिसऱ्या ठशाच्या कडा थोड्या फुटल्या आहेत, पेस्ट पातळ होती. पुढच्या बॅचला चिंचोक्याची पूड १०० मिलिलिटरला ५ वरून ७ ग्रॅम करायची आहे.

रंग उजेडात किती टिकतो हे पाहायला बॅच ४ चे तुकडे निम्मे काळ्या कागदाखाली झाकून दक्षिणेच्या खिडकीत लावले आहेत. ०.५ टक्क्यांचा तुकडा दोन आठवड्यांतच उतरू लागला. १ टक्क्याच्या तुकड्यात अजून डोळ्यांना फरक दिसत नाही. चार आठवडे पूर्ण झाल्यावर कागद काढायचा.