तडकलेला मिना तसाच राहू दे

सदाशिव पेठेतल्या एका काकूंनी रुमालात गुंडाळून आणलेलं प्रवासी घड्याळ सध्या माझ्या टेबलावर आहे. उंची जेमतेम ५ सेंटिमीटर. चांदीची पेटी, तिच्यावर पारदर्शक निळा मिना म्हणजे भट्टीत भाजून चढवलेला काचेचा थर, पांढरी डायल, निळे पोलादी काटे. डाव्या अंगाला मिन्यात केसभर तडा आहे आणि खालच्या कोपऱ्यातला टवका उडालाय. काकू म्हणाल्या, "नातीला लग्नात द्यायचंय गं. अगदी नवंकोरं करून दे."

चालू करून देते, पण नवं करणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. का, ते इथे सविस्तर लिहिते. अशी घड्याळं पुण्याच्या जुन्या घरांतल्या कपाटांत अजून सापडतात आणि सगळ्यात आधी जातात ती चांदीच्या पॉलिशला.

हा मिना आपल्या ओळखीचा नाही. जयपूरच्या मीनाकामात कोरलेल्या खळग्यांत रंग भरतात. तिथे नक्षी रंगांची. इथे नक्षी चांदीची आहे. चांदीचा पत्रा यंत्रावर चढवून त्यावर मधल्या बिंदूपासून निघणाऱ्या लाटांसारख्या रेघा कोरायच्या. याला गिलोशे म्हणतात. यंत्र हाताने फिरतं आणि पात्यावरचा दाब कारागिराच्या बोटांचा. मग काचेची बारीक पूड पाण्यात कालवून त्यावर पसरायची, वाळवायची, आणि साधारण ८०० अंशांच्या भट्टीत थोडाच वेळ घालायची. काच वितळून चांदीला धरते. असे थरावर थर. दागिन्याची ९२५ची चांदीही त्याच्या जरा वरच वितळू लागते, म्हणजे भट्टीत क्षणभर जास्त राहिलं तर पत्राच गेला. निळा रंग कोबाल्टचा. घड्याळ उजेडात थोडं तिरकं करा, काचेखालच्या लाटा फिरतात. मी काम थांबवून कितीदा तेच बघत बसते!

टवका भरायचा तर पेटी परत भट्टीत घालावी लागेल. बिजागऱ्यांची झाळ, म्हणजे धातू वितळवून केलेला जोड, सुटेल. आधी कुणी शिशाची झाळ दिली असेल, तर ते शिसं भट्टीत चांदीलाच खातं. आणि चांगला राहिलेला मिनाही तडकण्याची भीती. दुसरा उपाय रंगीत रेझिनचा. लांबून बरं दिसतं, पण काचेची खोली त्याला येत नाही आणि पुढे ते पिवळं पडतं. म्हणून तडा राहू दे.

पॉलिशलाही माझा नकार आहे. पॉलिशची पेस्ट तड्यात शिरली की पांढरी रेघ कायमची. शिवाय प्रत्येक पॉलिशबरोबर थोडी चांदी जाते आणि तिच्याबरोबर चांदीची शुद्धता आणि वर्ष सांगणारे शिक्के बुजतात. या घड्याळाच्या मागच्या दारावर ते अजून स्पष्ट आहेत: .९२५, लंडनचा आयात शिक्का आणि इंग्रजी 'ओ' हे वर्षाचं अक्षर. म्हणजे १९०९. यंत्र स्विस, तपासणी लंडनची, आणि तिथून हे बोटीने इकडे आलं असणार.

त्या काळच्या प्रवाशाला आपलं घड्याळ जवळ लागायचंच. १ जानेवारी १९०६ पासून सरकारी प्रमाणवेळ आली होती, पण मुंबईत कित्येक वर्षं मुंबईची स्वतःची वेळ चालू राहिली, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. रेल्वे मात्र प्रमाणवेळेवर चालायची. बोटीवरून उतरून पुण्याची गाडी पकडायची तर शहराच्या घड्याळाकडे बघून भागायचं नाही. हे इवलंसं यंत्र उशाशी ठेवून कुणीतरी त्या गाडीची वेळ सांभाळली असेल, या विचाराने मला फार बरं वाटतं.

काकूंची समजूत अशी, की त्यांच्या सासऱ्यांनी चावी जास्त दिली म्हणून ते बंद पडलं. तसं नसतं. बाबा गिऱ्हाइकांना नेहमी समजावायचे: यंत्र आधी अडकतं, म्हणून कमान, म्हणजे यंत्र चालवणारी स्प्रिंग, भरलेलीच राहते आणि चावी पुढे फिरत नाही. इथेही जुनं तेल वाळून डिंकासारखं झालं होतं. यंत्र पेटीतून बाहेर काढलं, सुटं केलं, चक्रं आणि छिद्रं पेट्रोलने धुतली, नवं सिंथेटिक तेल टोकाटोकाने दिलं. वेळ राखणारं झुलतं चाक, म्हणजे बॅलन्स, शाबूत होता, त्याची केसासारखी हेअरस्प्रिंगही सरळ. कमान तीच ठेवली. पेटी मात्र कंपनांनी धुणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रात मुळीच घातली नाही, त्या कंपनांनी जुना मिना सुटतो. तिला फक्त कोरडा सुती कपडा.

काकूंना कागदावर लिहून दिलंय: आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी चावी. पुण्याच्या पावसाळ्यात सुती कापडात, सोबत सिलिका जेलची पुडी. लोकरीत किंवा रबरबँड लावून ठेवू नका, त्यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते.

तडा आता नातीनेही पाहिलाय. तिला तो तसाच हवाय, असा काकूंचा फोन आला. घड्याळ दिवसाला दोनेक मिनिटं पुढे जातंय. काकूंना ते चालेल, मला नाही, म्हणून अजून काही दिवस ते माझ्याकडेच आहे.