आजोबा का आजारी पडले नाहीत?

"पाणी खराब येतंय बाई, अख्ख्या चाळीत विचारा!" ठाण्याजवळ कळव्याला, पारसिकच्या डोंगराच्या उतारावरच्या त्या चाळीत पाय ठेवल्याठेवल्या हेच कानावर आलं. मी नागरी आरोग्य केंद्रात नर्स आहे. पावसाळ्यात एकाच घरातली चार माणसं उलट्या-जुलाबांनी आडवी झाली, अशी आशाताईंची खबर आली की पहिला संशय आमचाही पाण्यावरच असतो. म्हणून ओटी टेस्टचं, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायचं, किट घेऊनच गेले होते.

नळाचं पाणी घेतलं, ओटीचे थेंब टाकले. पाणी छान पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन व्यवस्थित होतं. शेजारच्या दोन घरांतही तेच. तो पिवळा रंग बघून मागे उभे असलेले काका म्हणाले, "बघा, म्हटलं नव्हतं? किती घाण आहे!" त्यांना समजावण्यात माझी पाच मिनिटं गेली आणि तरी ते पटल्यासारखे दिसले नाहीत.

घरात आत गेले. एक खोली, कोपऱ्यात मोरी. पोरगं दोन वर्षांचं, आईच्या मांडीवर किरकिर करत होतं. पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडली तर लगेच सपाट होत होती, डोळे खोल गेले नव्हते, सकाळपासून शू झाली होती. जिवात जीव आला. एक लिटर पाण्यात ओआरएसचं आख्खं पाकीट, दर जुलाबानंतर थोडं थोडं पाजायचं. झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी चमचाभर पाण्यात विरघळवून रोज एक, 14 दिवस, जुलाब थांबले तरी. पोर मलूल पडलं, काही पिईना किंवा शीतून रक्त गेलं तर सरळ कळवा हॉस्पिटल गाठायचं.

मग मी विचारलं, "आधी कोण पडलं आजारी?"

सोमवारी नातू. बुधवारी आजी. शुक्रवारी सकाळी सूनबाई आणि त्याच रात्री मुलगा. ही रांग ऐकली आणि नळाचा विषय माझ्यापुरता संपला. पाण्यातून आलेलं दुखणं चाळीतल्या बऱ्याच घरांत एकदम उठतं. एकाच घरात, अर्ध्या ते दोन दिवसांच्या अंतराने, एकामागून एक माणूस पडतं तेव्हा ते बहुतेक एकाच्या हातावरून दुसऱ्याच्या तोंडात जात असतं. रोटा आणि नोरो हे विषाणू असेच पसरतात. तपासणीशिवाय नेमका कोणता ते सांगता येत नाही, पण दोघांनाही माणूस पाडायला शंभरभर कणसुद्धा पुरतात.

पण खरी गंमत आजोबांची होती. तेच घर, तीच मोरी, तेच जेवण, आणि गडी ठणठणीत! आजोबा माळकरी. त्यांचा तांब्या वेगळा, तो ते सकाळी स्वतः नळाखाली धरून भरतात. पंचा स्वतःचा, रोज धुतलेला. कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही, यावरून घरात भांडणंही झालेली. सूनबाई हळूच म्हणाली, "फार कटकट करतात हो." मी म्हटलं, "ती कटकटच कामाला आली असावी."

बाकीच्यांचा कारभार असा. मोरीजवळच्या खिळ्याला एक फडकं टांगलेलं. हात पुसायला तेच, ओटा पुसायला तेच, बाळाचं तोंड पुसायलाही तेच. पावसाळ्यात ते वाळतंय कशाला! हातात घेतलं तर ओलसर, आंबूस वास. बाळाचं लंगोट धुण्याचा टब आणि खरकटी भांडी शेजारी शेजारी. साबण होता, पण वर फळीवर, आंघोळीच्या डबीत. शी धुतली की आजी हात पाण्याने धुवायच्या, फार तर बोटं चोळायच्या.

हे तोंडाने सांगितलं असतं तर आजींनी मान डोलावली असती आणि मी वळल्यावर सगळं जैसे थे. म्हणून मी कुंकवाचा करंडा मागितला. चिमूटभर कुंकू खोबरेल तेलात कालवलं आणि आजींच्या उजव्या तळव्याला चोळलं. "समजा, आत्ता बाळाची शी धुतलीत. आता नेहमीसारखे हात धुवा आणि मला पाणी द्या."

आजींनी तांब्याभर पाण्याखाली हात धरला, फडक्याला पुसला, पिंपाचं झाकण काढलं, पेला बुडवला आणि माझ्यापुढे धरला. फडक्यावर लाल पट्टा. झाकणाच्या मुठीवर बोटं उमटलेली. पेल्याच्या काठावर, अगदी ओठ लागतो तिथे, ठसा. आणि पिंपात डोकावलं तर पाण्यावर तेलाचा लालसर तवंग. तेवढ्यात नातवाने हात पुढे केले म्हणून आजींनी त्याचा गाल कुरवाळला, तोही रंगला. दारात जमलेल्या बायका आधी हसल्या, मग गप्प झाल्या.

"आता साबणाने." तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठे, वीस सेकंद. तेल सुटलं, कुंकू गेलं.

रिक्षा चालवणारा मुलगा खाटेवरून म्हणाला, "मी तर सॅनिटायझर लावतो, कोरोनापासून रिक्षात बाटली असते." ती बाटली सर्दी-खोकल्याच्या विषाणूंना चालते, नोरोवर तिचा फारसा जोर नाही. तिथे साबण आणि वाहतं पाणीच हवं.

पिंप ओतून घासायला लावलं. आजोबा कळवळले; पाणी पुन्हा उद्या सकाळीच येणार होतं, म्हणून शेजारून दोन हंडे आणले. मोरी आणि संडासाची कडी पुसायला एक लिटर पाण्यात तीन चमचे ब्लीचिंग पावडर, दहा मिनिटं तसंच ठेवायचं, दार उघडं ठेवून. मोरीत अ‍ॅसिडची बाटली दिसली, ती आधी बाहेर काढली. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीनचा वायू सुटतो, आणि एवढ्याशा खोलीत तो जुलाबांपेक्षा वाईट.

अडलं ते स्वयंपाकावर. जुलाब थांबल्यावरही दोन दिवस आजारी माणसाने इतरांसाठी रांधू नये. सूनबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काय चंद्रावरून आलेय! अशा सूचना कागदावर छान दिसतात. घरात बायका दोन, दोघी आजारी, खाणारी पाच. पण आजोबा म्हणाले, "मी करतो. वारीत दिंडीचा स्वयंपाक करतो मी, दोनशे माणसांचा. पाच जणांची खिचडी काय घेऊन बसलात?" आजींना हे बिलकूल आवडलं नाही. "मीठ कमी टाकतात," म्हणाल्या.

निघताना आशाताईंनी विचारलं की पोराला आलं कुठून. पोरगं अंगणवाडीत जायचं. आम्ही तिथून तशाच गेलो. त्याच आठवड्यात आणखी दोन मुलं उलट्यांमुळे गैरहजर होती. साबण होता, पण कपाटात, कुलपात. बाहेर ठेवला की नाहीसा होतो म्हणे. आशाताईंनी कांद्याच्या जाळीत साबणाची वडी घातली, नळाला गाठ मारली आणि कपाटाची किल्ली सेविकाबाईंना परत दिली.