हो, मी पैसे मागितलेत

परवा परत एका काकूंचा फोन आला. "अगं पोलीस केस चालूये ना, मग हा दिवाणी दावा कशाला काढलास, लोक म्हणतील पैशासाठी करतीये." हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता इथेच सगळं लिहून टाकते. केस बलात्काराची आहे, आणि आरोपीकडून नुकसानभरपाई मिळावी म्हणून मी वेगळा दिवाणी दावा टाकलाय. माझ्यासोबत नेमकं काय झालं ते इथे लिहिणार नाही, ते कोर्टात दिलंय, तेवढं पुरे.

फौजदारी केस ही महाराष्ट्र शासन विरुद्ध आरोपी अशी असते, मी त्यात साक्षीदार. कोणाला कधी बोलवायचं, कुठला कागद दाखवायचा हे सरकारी वकील ठरवणार. शिक्षा झाली तर तो आत जाईल आणि जायलाच पाहिजे. पण माझी हिंजवडीतली नोकरी गेली, घर बदलावं लागलं, थेरपी अजून चालू आहे, झोपेच्या गोळ्या आहेत, आईने रजा टाकून टाकून माझ्याजवळ काढलेले महिने आहेत, हे सगळं कोणाच्या अंगावर पडलं? आमच्याच ना? पीडितांना मदत देणारी मनोधैर्य योजना आहे 2013 पासूनची, तिचा आधार होतो, पण ते पैसे सरकार देतं, त्याच्या खिशातून एक रुपया जात नाही. मला तो त्याच्याकडून हवाय. यात लाजण्यासारखं काय आहे ते मला खरंच कळत नाही.

आणि पैशापेक्षाही मोठं एक आहे. फौजदारीत आरोपीला गप्प बसायचा हक्क आहे, तो असायलाही हवा. पण दिवाणीत समन्स लागलं की 30 दिवसांत, फार तर कोर्टाने मुदत वाढवून दिली तर 90 दिवसांत, त्याला कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यावी लागते आणि माझा एकेक मुद्दा मान्य आहे की नाही ते लेखी सांगावं लागतं. पुढे तो साक्षीला उभाच राहिला नाही तर कोर्ट त्यावरून त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. त्याची कैफियत हातात आली तेव्हा मी ती सलग वाचू शकले नाही, सगळं नाकारलंय त्यात, पण त्याला पहिल्यांदा स्वतःच्या सहीने काहीतरी म्हणावं लागलं. उभा राहिला तर माझे वकील त्याचा उलटतपास घेणार. माझाही होणार, ते माहितीये. सरतपास, म्हणजे माझ्या बाजूने माझी साक्ष, शपथपत्रावर होतो म्हणजे मूळ हकीकत परत तोंडाने सांगावी लागत नाही, पण उलटतपास समोरासमोरच, आणि त्याची भीती मला आत्तापासून वाटते.

पुराव्याचं मापही वेगळं आहे. तिकडे वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावं लागतं, इकडे कोणाचं म्हणणं जास्त संभवनीय ते बघतात. त्यामुळे उद्या तो संशयाचा फायदा मिळून सुटला तरी माझा दावा आपोआप पडत नाही.

त्रास नाही असं नाही. त्याचे वकील फौजदारीत आत्ताच म्हणायला लागलेत की बघा हिला पैसेच हवे होते. दावा काढण्याआधीच माझ्या वकीलबाईंनी हे होणार म्हणून सांगितलं होतं. फौजदारी संपेपर्यंत दावा थांबवा असाही अर्ज त्याच्या वकिलांनी टाकलाय. 1954 च्या एम. एस. शेरीफ निकालात सुप्रीम कोर्टाने फौजदारीला आधी जागा द्यावी असं म्हटलंय पण पक्का नियम नाही असंही म्हटलंय, त्यामुळे त्या अर्जावर काय होतं ते बघायचं. मध्यस्थ पण येऊन गेले एक, "दोन्ही एकदम मिटवून टाकू". बलात्काराचा गुन्हा असा तडजोडीत मिटवता येतच नाही. पैसे घे आणि तिकडे साक्ष फिरव, एवढाच त्याचा अर्थ, आणि आमच्या घरात बसून चहा पीत ते हे म्हणाले याचा राग माझ्या बाबांच्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

ज्या मुली विचार करताय त्यांनी दावा टाकायची मुदत सगळ्यात आधी बघा. 1963 च्या मुदतीच्या कायद्यात अशा दाव्याला साधारण 3 वर्षं धरतात, घटनेच्या वेळी वय 18 च्या आत असेल तर 18 पूर्ण झाल्यापासून, आणि फौजदारी चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही!! मी दावा घाईने टाकला तो यामुळेच. कोर्ट फीला घाबरू नका, महाराष्ट्रात 1 ऑक्टोबर 1994 च्या अधिसूचनेने बायकांना हिंसाचाराशी संबंधित प्रकरणांत ती माफ आहे, फाईल करताना तिची प्रत सोबत ठेवा म्हणजे खिडकीवर वाद होत नाही. सुनावणी बंद दाराआड घ्या असा अर्जही देता येतो, आम्ही पहिल्याच तारखेला दिला.

वकील परवडत नसेल तर पुण्यात शिवाजीनगर कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. जाताना एफआयआरची कॉपी, डॉक्टरांचे कागद, पगाराच्या स्लिपा आणि थेरपीची सगळी बिलं घेऊन जा. बिलं नसतील तर आजच मागून घ्या, आणि शक्य असेल तर एकटी जाऊ नका.