एक तास एक्स-रे रूम मिळवायला सात आठवडे: माझा अनुभव

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. एफआरसीआर (ब्रिटनची रेडिऑलॉजीची परीक्षा) पार्ट १ देणाऱ्या रेडिऑलॉजी रेसिडेंट्सना ऑनलाइन फिजिक्स शिकवते. नैरोबी, मस्कत, लागोस, काठमांडू आणि दोघी नागपूरच्या अशी बॅच. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात म्हणजे नैरोबीत पाच आणि लागोसला तीन, म्हणून ही वेळ सगळ्यांना जमते. बॅच जमवणं, झूम, फी यात अवघड काही नाही.

अडलं ते प्रॅक्टिकलला. इन्व्हर्स स्क्वेअर लॉ (अंतर दुप्पट केलं की किरणांची तीव्रता चौथा हिस्सा) सगळ्यांना पाठ असतो पण डोसीमीटरवर, म्हणजे किरणांचा डोस मोजणाऱ्या मीटरवर, आकडा पडताना बहुतेकांनी पाहिलेलाच नसतो. म्हणून एका हॉस्पिटलची एक्स-रे रूम ओपीडी संपल्यावर एक तास मागितली. पेशंट नाही, फक्त फँटम (माणसाच्या जागी ठेवायचा प्लास्टिकचा ठोकळा) आणि मीटर. अर्ज गेला ऑफिसात आणि तिथून एचओडींकडे, मग आरएसओंकडे (रेडिएशन सेफ्टी ऑफिसर), मग परत ऑफिसात, कारण फॉर्ममध्ये रुग्ण नोंदणी क्रमांकाचा रकाना रिकामा होता! क्लार्क म्हणाले, "मॅडम, नंबरशिवाय एक्सपोजर कुणाच्या नावावर टाकायचं?" मी चार वेळा समजावलं की माणूसच नाहीये, प्लास्टिकचा ठोकळा आहे. दर वेळी "सायबांना विचारतो". त्यात कुणीतरी 'डेमॉन्स्ट्रेशन' हा शब्द वाचून फाईल एथिक्स कमिटीकडे पाठवली, तिथे तीन आठवडे गेले. दोनदा मुलांना तारीख देऊन रद्द करावी लागली, त्याचा मला अजून राग येतो, लागोसचा डॉक्टर नाइट ड्यूटी बदलून बसला होता हो!

शेवटी तिथल्या सीनियर टेक्निशियन ताईंनी मार्ग काढला. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळ) नियमाने मशीनचं क्यूए, म्हणजे गुणवत्ता तपासणी, दोन वर्षांतून एकदा तरी करावंच लागतं आणि त्यासाठी सिस्टिममध्ये 'फँटम' नावाची नोंद आधीपासून असते. तेव्हा अर्जात 'डेमॉन्स्ट्रेशन' लिहू नका, 'क्यूए आणि प्रशिक्षण' लिहा. दोन दिवसांत सही झाली.

आणि मग तो तास! मोबाइलचा कॅमेरा मीटरच्या डिस्प्लेसमोर लावला, मी कन्सोलवर. १ मीटरवर ४८० मायक्रोग्रे, २ मीटरवर १२१. नैरोबीची मुलगी ओरडलीच, "खरंच चौथा हिस्सा!" मग ८० केव्हीपीला (एक्स-रे ट्यूबचं व्होल्टेज) अॅल्युमिनियमचे १ मिलिमीटरचे पत्रे एकेक वाढवत गेलो, तिसऱ्यापाशी रीडिंग निम्म्यावर आलं. इतकं समाधान मला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

हो, टीएलडी बॅज (अंगावर पडलेला डोस नोंदवणारा बिल्ला) घालायला विसरू नका. आणि डोस लिमिट शिकवताना देश सांगून शिकवा, आपल्याकडे रेडिएशनमध्ये काम करणाऱ्यांना कुठल्याही एका वर्षात ३० मिलीसिव्हर्ट (डोसचं एकक) ही कमाल मर्यादा आहे, आयसीआरपी ही आंतरराष्ट्रीय संस्था ५० म्हणते, मुलं इथेच गोंधळतात. अर्जाचा इनवर्ड नंबर पहिल्याच दिवशी लिहून घ्या, मी घेतला नव्हता म्हणून एक आठवडा फाईल शोधण्यातच गेला. पुढच्या बॅचचा अर्ज मी कालच दिलाय, नंबर फोनमध्ये फोटो काढून ठेवलाय.