तेलाचे हात आणि ऑक्सिजन : आमची वाटचाल

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं वर्कशॉप १९८६ पासून आहे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका जुन्या लेथवर सुरुवात केली. त्या काळी बेळगावात हाताला कसब असलेला माणूस एक तर फाउंड्रीत शिरायचा, नाही तर हायड्रॉलिक्समध्ये, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांच्या कामात. आम्ही हायड्रॉलिक्समध्ये शिरलो. पिस्टन रॉड, एंड कॅप, होजची फिटिंग. ड्रॉइंग पार्टीचं, माल बऱ्याचदा पार्टीचाच, आमची फक्त मजुरी. पीस पास झाला तर पैसे मिळणार, रिजेक्ट झाला तर मालाची किंमत आमच्याच बिलातून कापली जाणार. आप्पा म्हणायचे, "आपल्या धंद्यात चुकायला पगार नाही." पस्तीस वर्षं आम्ही ह्याच हिशेबानं जगलो.

मे २०२१ मध्ये माझा मेहुणा ऑक्सिजनवर होता. दवाखाना छोटा, पाइपलाइन होती, खरं तिला गॅस पुरवत होते मागच्या पत्र्याच्या शेडमधले सिलिंडर. अर्धे डाव्या बाजूला, अर्धे उजव्या. मी रात्रभर त्या शेडच्या दारात बसून होतो, कारण आत कुणाला सोडत नव्हते. एक वॉर्डबॉय दर अर्ध्या तासानं टॉर्च घेऊन यायचा, गेज बघायचा आणि खडूनं भिंतीवर आकडा लिहायचा. आमच्या टेस्ट बेंचवर असतं तसलंच गेज. त्यानं मला विचारलं, "अण्णा, तुम्ही वर्कशॉपवाले न्हवं? मग हे किती वेळ पुरंल सांगा की."

मला सांगता आलं नाही. दाब किती, हे मी झोपेतही सांगितलं असतं. वेळ किती, हा हिशेब कधी केलाच नव्हता. तसा तो सोपा आहे. मोठा, डी टाइप सिलिंडर भरलेला असताना साधारण १५० बार दाबाला असतो आणि त्यात सुमारे ७,००० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला ५ लिटर घेणाऱ्या एका पेशंटला तो २३ तास पुरेल. तोच ६० लिटरच्या हाय-फ्लो मशीनला लावला तर दोन तासही नाही. आणि ऑक्सिजनची एक सोय आहे. स्वयंपाकाच्या गॅससारखा तो आत द्रव नसतो, त्यामुळे जितका वापरला जाईल तितका दाब उतरत जातो. म्हणजे दाब किती वेगानं उतरतोय ते बघायचं, उरलेल्या दाबाला त्यानं भागायचं, की वेळ निघाला. सिस्टरला बारमध्ये आकडा नकोच असतो. तिला हवं असतं, "अजून एक तास चाळीस मिनिटं."

मेहुणा घरी आला. माझ्या डोक्यातून ती भिंत मात्र गेली नाही.

मुलगी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर, घरूनच काम करत होती. तिनं दोन रविवारांत सिलिंडर अजून किती वेळ पुरेल ते सांगणारा एक डबा बनवला. एक प्रेशर सेन्सर, एक छोटा पडदा, एक भोंगा. नायट्रोजनच्या सिलिंडरवर लावून बघितला तर ठीक चालला. मग तीच म्हणाली, "बाबा, ह्याला सरकारी ग्रँट मिळते." मला वाटलं, मिळत असेल तर मिळू दे, एक नवीन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, तरी येईल. पहिली चूक तिथंच झाली.

योजना खरोखरच बऱ्याच आहेत. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान खात्यानं २०१२ साली स्थापन केलेल्या बायरॅक ह्या संस्थेची 'बिग' ही ग्रँट आहे, ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांची. आम्ही माहिती काढली तेव्हा तिचे अर्ज वर्षातून दोनदा, १ जानेवारीला आणि १ जुलैला उघडायचे. विज्ञान व तंत्रज्ञान खात्याची निधी-प्रयास आहे, नमुना बनवायला १० लाखांपर्यंत. २०२१ मध्ये स्टार्टअप इंडियाचा सीड फंड आला, त्यात नमुना आणि चाचण्यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान. आपल्या कर्नाटक सरकारचं एलिव्हेट २०१७ पासून आहे, तेही ५० लाखांपर्यंत. नावं वाचून हुरूप येतो. मग अटी वाचायला घ्याव्यात.

आमचं वर्कशॉप आप्पांच्या नावावर प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीचं. स्टार्टअप म्हणून केंद्राची मान्यता हवी तर प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी लागते. बरं, नवीन कंपनी काढायची तर ती जुन्याच धंद्याचे तुकडे करून काढलेली नसावी. सीड फंडासाठी तर अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी चालत नव्हती. म्हणजे पस्तीस वर्षांचा अनुभव हे आमचं एकमेव भांडवल, आणि नेमकं तेच अडचणीचं! शेवटी मुलीनं आणि मी नवी कंपनी काढली, धंदा वेगळा, पुस्तकं वेगळी. आमच्या सीएनी तीनदा बजावलं की जुन्या वर्कशॉपचा एक ड्रिल बिटसुद्धा बिलाशिवाय इकडे येता कामा नये. आप्पांना हे अजूनही पटलेलं नाही. "माझ्याच पोराला मी ड्रिल विकायचा?"

सीमाभागातल्या माणसाला आणखी एक गंमत सांगतो. आमचं गिऱ्हाईक चंदगड, गडहिंग्लज, आजरा इकडचंही. तिथले पेशंट बेळगावला येतात, तिथल्या डॉक्टरांचं शिक्षण बऱ्याचदा बेळगावात झालेलं. खरं आमचा जीएसटी नंबर २९ नं सुरू होतो आणि त्यांचा २७ नं. राज्याच्या योजनेत पहिला प्रश्नच नोंदणी कुठली हा असतो. त्यामुळे महाराष्ट्राच्या योजना आम्ही मराठीत नुसत्या वाचल्या. अर्ज मात्र कर्नाटकाचे आणि केंद्राचे. जागेचा उतारा कन्नडमध्ये, अर्ज इंग्रजीत, घरातली चर्चा मराठीत. ह्यात तक्रार नाही, भाषांतराचा खर्च तेवढा धरून ठेवावा.

पहिला अर्ज आम्ही २०२२ मध्ये केला. कुठल्या योजनेत ते सांगत नाही, कारण त्यांची काही चूक नव्हती. मी लिहिलं होतं : परदेशी मालापेक्षा स्वस्त, पस्तीस वर्षांचा अनुभव, स्वतःचं सुसज्ज वर्कशॉप. बजेटमध्ये सत्तर टक्के रक्कम मशीनला. मुलाखत ऑनलाइन होती, दहा मिनिटं बोलायला आणि मग प्रश्न. पॅनेलवर एक वयस्क भूलतज्ज्ञ होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमच्याकडे हायड्रॉलिक्सचं काम चालतं ना? मग तेल असेलच."

मी अभिमानानं म्हणालो, "हो मॅडम, सगळं ऑइल टेस्टिंग इनहाउस."

त्या काहीच बोलल्या नाहीत. मुलीनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मला कळायला दोन सेकंद लागली. उच्च दाबाच्या ऑक्सिजनला तेलाचा थेंब लागला तर तो पेटतो. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की पुढचा गॅस एकदम दाबला जाऊन तापतो, आणि तिथं तेल-ग्रीस असेल तर ठिणगीचीही गरज नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्याच भिंतीला गॅस कटिंगचा सेट टांगलेला आहे आणि त्याच्या ऑक्सिजन गेजच्या तबकडीवर 'तेल लावू नका' असं इंग्रजीत छापलेलं आहे. तीस वर्षं मी ते रोज बघत होतो.

नकार आला. कारण दिलं होतं, नावीन्य पुरेसं नाही. मला वाटतं खरं कारण सांगायला त्यांना लाज वाटली असेल.

त्यानंतरचं एक वर्ष मी ह्या वाटचालीतलं सगळ्यात महत्त्वाचं मानतो. मागच्या बाजूला दहा बाय बाराची एक खोली वेगळी काढली. नवीन पाने, नवीन पकडी, त्या खोलीबाहेर जायच्या नाहीत. पितळी फिटिंग धुऊन, वाळवून, पिशवीत बंद करूनच आत. ऑक्सिजनला चालणारी टेप वेगळी, सील वेगळे. आत जाताना हात साबणानं धुवायचे, कपडे बदलायचे. पोरांनी पहिल्याच आठवड्यात तिला नाव दिलं, 'सोवळ्याची खोली'. आप्पा आयुष्यभर तेलात हात घालून बसलेले. त्यांना दारातच थांबवावं लागायचं. ते बाहेर स्टूल टाकून बसायचे आणि आत काय चाललंय ते ओरडून विचारायचे.

दुसरा अर्ज मुलीनं लिहिला. मला फक्त वाचायला दिला. त्यात वर्कशॉपचं कौतुक एक ओळ होतं. बाकी सगळं काय माहीत नाही ह्याबद्दल होतं. शेड उन्हात तापल्यावर आकडा बरोबर येतो का? पावसाळ्यात सेन्सर टिकतो का? भोंग्याला सिस्टर वैतागतात का? प्रत्येक प्रश्नासमोर किती महिने, किती पैसे, आणि उत्तर मिळालं हे कशावरून ठरवायचं. मशीनला शून्य रुपये. मी म्हणालो, "अगं, हा अर्ज आहे की कबुलीजबाब?" ती म्हणाली, "बाबा, माहीत असतं तर ग्रँट कशाला मागितली असती? कर्ज काढलं असतं."

हा अर्ज मंजूर झाला.

अनुदान म्हणजे काय हे मला त्या पुढच्या दीड वर्षात कळलं. त्या पैशानं आम्ही अकरा सेन्सर मोडले. दोन पाण्यानं गेले, तीन व्हॉल्व्ह झटक्यात उघडून बघताना, एक विजेच्या लोटात. बाकीचे हळूहळू खोटं बोलायला लागले, ते सगळ्यात वाईट. दुपारी शेड तापली की दाब आपोआप वाढतो, आणि आमचा डबा खुशाल सांगायचा की ऑक्सिजन वाढतोय. मग तापमानाचा सेन्सर आला. खानापूर तालुक्यातल्या एका दवाखान्यात डबा लावला तेव्हा जुलै होता. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको. लाइट गेली की दोन-दोन दिवस नाही, मोबाइलला रेंज नाही. आमचं सगळं ॲप मोबाइलवर! ते बाजूला ठेवलं आणि बॅटरीवर चालणारा, इंटरनेट न लागणारा डबा केला.

आवाजाची तर वेगळीच कथा. आम्हाला वाटलं कन्नड आणि मराठी दोन्हीत बोलणारं यंत्र म्हणजे सीमाभागासाठी अगदी चपखल. 'ऑक्सिजन संपत आला आहे' असं रात्री दोनला यंत्र मोठ्यानं बोललं आणि वॉर्डातले सगळे नातेवाईक उठून सिस्टरच्या टेबलाभोवती जमले. दुसऱ्या दिवशी सिस्टरनी वायरच काढून ठेवली. त्या म्हणाल्या, "दादा, मला सांगा. अख्ख्या वॉर्डाला कशाला सांगताय?" आता ते ड्युटी रूममध्ये फक्त 'डावी बाजू बदला', 'एडगडे बदलायिसि' एवढंच बोलतं. अलार्मचा एक आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आयईसी ६०६०१-१-८. तातडीचा अलार्म लाल आणि लुकलुकणारा, मध्यम असेल तर पिवळा. आम्ही पहिल्या नमुन्यात सगळंच लाल केलं होतं. सगळं लाल असलं की काहीच लाल नसतं, हे सिस्टर आम्हाला स्टँडर्ड न वाचता सांगत होत्या.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यात रस कमी आणि मनस्ताप जास्त. ग्रँटसाठी वेगळं बँक खातं. पैसे हप्त्यांनी, ठरलेला टप्पा गाठून अहवाल दिला की पुढचा हप्ता. प्रत्येक मोठ्या खरेदीला तीन कोटेशन. प्रवासाच्या रकान्यातले पैसे सामानाच्या रकान्यात न विचारता नेता येत नाहीत. शेवटी सीएच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र, सरकारी वित्तीय नियमांतला १२-ए नमुना. एका हप्त्याला साडेचार महिने उशीर झाला आणि तेवढे दिवस दोन पोरांचा पगार जुन्या वर्कशॉपनं उसना दिला, रीतसर करारानं, सीएच्या धाकानं. हातात चार-पाच महिन्यांचा खर्च नसेल तर अर्ज करू नका असं मी ओळखीच्यांना सांगतो. ते ऐकत नाहीत.

परवान्याचं काम अजून चालू आहे. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम जोखमीप्रमाणे ए ते डी असे चार वर्ग करतात. ए आणि बीचा उत्पादन परवाना राज्याकडे, सी आणि डीचा केंद्राकडे. त्यासाठी गुणवत्तेची सगळी व्यवस्था कागदावर आणि प्रत्यक्षात हवी. सोवळ्याची खोली इथं उपयोगी पडली, तिची वही पहिल्या दिवसापासून होती. सरकारी टेंडरात मान्यताप्राप्त स्टार्टअपला अनुभवाच्या अटीत सूट देता येते. एका टेंडरात आम्ही मान्यतेचं पत्र जोडलं, तरी तीन वर्षांचा अनुभव मागितला गेला. पुन्हा भरू.

ग्रँटचा हिशेब गेल्या वर्षी बंद झाला. शेवटच्या दिवशी खात्यात व्याजाचे काही हजार रुपये शिल्लक होते, ते सरकारला परत करायचे असतात. मी चलन भरून आलो तेव्हा आप्पा सोवळ्याच्या खोलीबाहेर स्टुलावरच होते.

"व्याज परत घेतलं?"

"घेतलं."

"आणि ते मोडलेले अकरा?"

"ते मागत नाहीत आप्पा. ग्रँटमधून घेतलेल्या मशीनची नोंद ठेवावी लागते, ती विचारल्याशिवाय विकता येत नाही. हे तर वापरून संपणारं सामान."

त्यांनी ते अकरा सेन्सर मागून घेतले. कुंद्याच्या रिकाम्या डब्यात भरले, प्रत्येकाला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधली आणि कशानं मोडला ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं. सहाव्याचं कारण आम्हाला कधीच सापडलं नव्हतं. त्याची चिठ्ठी त्यांनी कोरी ठेवली आहे.