‘केव्हाही, कारण न देता’ हे कलम कोल्हापुरात टिकत नाही

नेटवरचा नमुना उतरवून कर्मचाऱ्यांसाठीचं नियमांचं हँडबुक तयार केलं की त्यात एक वाक्य हमखास येतं : ‘कंपनी कोणालाही, केव्हाही, कारण न देता कामावरून कमी करू शकते.’ शिरोलीची फाउंड्री असो की गोकुळ शिरगावचं मशीन शॉप, हे वाक्य छापण्याआधी ते कुठून आलं हे पाहावं.

अमेरिकेत मोंटाना राज्य वगळता नोकरी दोन्ही बाजूंच्या मर्जीवर चालते, असं कायदा मुळात धरून चालतो. भेदभाव किंवा सूड म्हणून काढणं तिथेही बेकायदाच. मग ‘केव्हाही, कारण न देता’ हा खुलासा कशासाठी? हँडबुकमध्ये ‘आधी तोंडी समज, मग लेखी, मगच बडतर्फी’ असं लिहिलं की ती हमी ठरू शकते. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये वूली खटल्यात तेच धरलं : ठळक आणि स्पष्ट खुलासा नसेल, तर हँडबुकमधली हमी मालकाला बांधते. म्हणून तिकडे ते वाक्य ठळक टाइपात, सुरुवातीलाच आणि सहीच्या पोचपावतीवर पुन्हा छापतात.

आपल्याकडे पायाच वेगळा आहे. औद्योगिक संबंध संहिता 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे आणि छाटणीचा, म्हणजे गैरवर्तन नसताना कामावरून कमी करण्याचा, जुना नियम तिच्यातही कायम आहे. वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला कमी करायचं तर कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई, आणि सरकारला कळवणं. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात.

पगार 20,000 आणि सेवा 6 वर्षे 8 महिने असेल तर वर्षे सात धरायची. महिन्याचे दिवस 30, म्हणजे वर्षामागे 10,000. भरपाई 70,000, नोटिशीऐवजी पगार 20,000, एकूण 90,000. ग्रॅच्युइटी याहून वेगळी, तिथे महिन्याचे दिवस 26 धरून भागाकार : सुमारे 80,769. हे दोन भागाकार एकमेकांत मिसळले की हिशेब चुकतो. त्याहून मोठी चूक म्हणजे भरपाई ‘फुल अँड फायनल’मध्ये, म्हणजे अखेरच्या हिशेबात, महिनाभराने देणं. ती कमी करतानाच हातात पडायला हवी. नाहीतर छाटणीच बेकायदा ठरते आणि कामगाराला परत घेण्याची वेळ येऊ शकते. त्याच कामातला शेवटी लागलेला आधी जातो. हा क्रम मोडला तर कारण लिहून ठेवावं लागतं.

गैरवर्तनाची गोष्ट वेगळी. तिथे आरोपपत्र, चौकशी, बाजू मांडायची संधी. ‘हँडबुकमधल्या कलमानुसार सेवा समाप्त’ एवढ्याच ओळीचं पत्र दिलं, तर कामगार न्यायालयात पहिला प्रश्न येतो : चौकशी कुठे आहे? त्या पत्रात याचं उत्तर नसतं. मालकाला वाचवेल म्हणून छापलेलं वाक्य त्याच्याच विरुद्ध पुरावा होतं, आणि कामगार मात्र ते वाचून हक्कच नाही असं समजून घरी बसतो. याचाच मला जास्त राग येतो.

व्यवस्थापक, किंवा महिना 18,000 च्या वर पगार घेणारे पर्यवेक्षक, ‘कामगार’ या व्याख्येत येत नाहीत. त्यांच्या नेमणूकपत्रातला नोटिशीचा काळ महत्त्वाचा. तो दोन्ही बाजूंना सारखा ठेवावा.

मग हँडबुकमध्ये काय लिहावं? ‘हे पुस्तक माहितीसाठी आहे. नेमणूकपत्र, लागू असलेले स्थायी आदेश (कारखान्याच्या सेवाशर्तींचे नियम) आणि कायदा यांच्याशी विसंगती आली तर ते वरचढ. सेवा समाप्ती कायद्याच्या पद्धतीनेच होईल.’ पुढे नोटीस, भरपाई, चौकशीचे टप्पे आणि तक्रार कोणाकडे करायची ते. सेवा संपल्यावर थकीत पगार दोन कामाच्या दिवसांत देऊ, हेही घाला. वेतन संहितेत तेच आहे. मजकूर मराठीत हवा, पोचपावतीही मराठीतच. सही घेण्याआधी एक प्रत घरी न्यायला द्यावी, आणि हँडबुक बदललं की नवी पावती घ्यावी, तारखेसकट.